अंगात कोण आहे?

मुंबई–हैदराबाद महामार्गावर हुमनाबाद आणि जहीराबाद यांच्या मधे मन्नाएखेळ्ळी लागते. गाव बिदर जिल्ह्यातले. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. कन्नड, मराठी, तेलुगू आणि दखनी या चारही बोली इथल्या बाजारात ऐकू येतात. माणसाच्या अंगात दुसरे कोणी येते, या अनुभवाचे इतके प्रकार इतक्या जवळजवळ फार थोड्या प्रदेशांत आढळतील. हुमनाबादला वीरभद्राचे मोठे देऊळ आहे, आणि वीरभद्राच्या जत्रांतले पुरवंत, म्हणजे त्याचे विधी करणारे भक्त, आवेशात शस्त्र टोचून घेतात. भालकी तालुक्यातल्या खानापूरला मैलार मल्लण्णा, म्हणजे आपला खंडोबा, भंडाऱ्यात न्हालेला असतो. मोहरमात अलम धरणाऱ्याच्या अंगात सवारी येते, आणि अलम धरणाऱ्यांत हिंदू घरांतली माणसेही असतात. या सगळ्यांहून ख्याती मोठी ती गाणगापूरची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफझलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळचे हे दत्तक्षेत्र.

गाणगापूरच्या निर्गुण मठात आरती सुरू झाली, नगारा वाजू लागला, की गर्दीतली काही माणसे घुमू लागतात. त्यांत स्त्रिया बऱ्याच असतात. कोणी केस मोकळे सोडून झुलते, कोणी खांबावर चढते, कोणी थेट दत्तालाच शिव्या घालते. त्या शिव्यांचा राग कोणी धरत नाही. शिव्या देणारी ती बाई नव्हे, तिला लागलेले ‘बाहेरचे’ बोलते आहे, असे भोवतालचे सारे जण मानतात. मग कोणीतरी दरडावून विचारते: तू कोण? कुठला? हिला का धरलेस?

प्रश्न फार जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला अडवायला उठलेला भुज्यू लाह्यायनी एक आठवण सांगतो. मद्र देशात पतंचल काप्य याच्या घरी तो उतरला होता. काप्याच्या मुलीला गंधर्वाने धरले होते. भुज्यू आणि त्याच्या सोबत्यांनी गंधर्वाला विचारले, तू कोण? उत्तर आले: सुधन्वा आंगिरस. पुढे उद्दालक आरुणीही त्याच घराची गोष्ट सांगतो. या वेळी काप्याच्या बायकोला गंधर्वाने धरले आहे आणि तो स्वतःला कबंध आथर्वण म्हणवतो. सर्व भूतांच्या आत राहून त्यांना चालवणारा अंतर्यामी कोण, हा वेदान्तातला अतिशय महत्त्वाचा विचार सभेत मांडला जातो तो या गंधर्वाने केलेल्या प्रश्नाच्या निमित्ताने. गंधर्वांची नावे, कुळे, ज्ञान यांची नोंद उपनिषदाने ठेवली. ज्या दोघींच्या तोंडून ते बोलले त्यांची नावे मात्र तिथे नाहीत.

गेली पन्नास वर्षे हाच प्रश्न आणखी एका ठिकाणी विचारला जातो आहे, आणि ते ठिकाण म्हणजे खेळाचे टेबल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिकाखेळ, प्रसिद्ध केला. एक जण कथा चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, त्याचे बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिप्रभाव आकड्यांत मांडतात, आणि प्रसंग अवघड झाला की फासा टाकतात. या खेळातून निघालेल्या अद्भुतरम्य जगांत भुते, राक्षस, गंधर्वांसारखी सत्त्वे माणसांच्या देहांत सारखी ये-जा करत असतात. खेळाला नियम लागतात, आणि नियम लिहायचा म्हणजे एक गोष्ट आधी ठरवावी लागते: देह एकाचा आणि ताबा दुसऱ्याचा असेल, तर त्या घटकेला तिथे आहे कोण?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला भुताचा नियम यासाठी मुळातून वाचावा असा आहे. भूत पाच फुटांच्या आत आले की समोरच्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या व्यक्तिप्रभावाची भर घालायची आणि तेराचा आकडा गाठायचा. गाठला नाही तर भूत अंगात शिरते. देहाचा ताबा जातो, पण शुद्ध जात नाही: धरलेला माणूस सगळे पाहत, ऐकत असतो. शरीराचे बळ आणि चपळाई त्याचीच राहते. बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव भुताचा. धरलेल्याला काय ठाऊक आहे, त्याने कोणती विद्या कमावली आहे, यांपैकी काहीही भुताच्या हाती लागत नाही. एकदा सुटका झाली की पुढचे चोवीस तास तेच भूत त्याला पुन्हा धरू शकत नाही.

काही ओळींत माणसाच्या ओळखीचा एक पूर्ण सिद्धान्त इथे येऊन जातो. देह वेगळा, मन वेगळे, आणि शिकलेली विद्या मनाच्या मालकीची. युरोपीय तत्त्वज्ञानात देकार्तपासून चालत आलेली ही विभागणी खेळाच्या कारागिरांनी आकड्यांत बसवली आणि ती चोख चालते. ती पुरेशी आहे का, हा प्रश्न आपल्याकडच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की उभा राहतो.

महाभारतातला नल घ्या. कली त्याच्या मागे बारा वर्षे टपून राहतो, आणि एके दिवशी नल पाय न धुता संध्येला बसतो तेवढ्या फटीतून त्याच्यात शिरतो. कली बोलत नाही, आपले नाव सांगत नाही. नल नलच राहतो, फक्त द्यूताच्या पटावरून उठू शकत नाही. राज्य हरतो, दमयंतीला अरण्यात टाकून जातो. त्याला कोणी ‘तू कोण’ विचारणार तरी कसे? पुढे कर्कोटक नाग डसतो, नलाचा देह बदलतो, तो कुरूप बाहुक होऊन ऋतुपर्णाचा सारथी बनतो. आता रूप नलाचे नाही, नाव नलाचे नाही, आणि आत कली बसलेला. दमयंती त्याला ओळखते ती रथाच्या घोषावरून आणि त्याने रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून. कमावलेले कसब हीच इथे ओळखीची खूण ठरते. कली सुटतो तोही नल ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकतो त्या क्षणी. फासा टाकून भूत आवरण्याची कल्पना नव्या खेळाने आणली असे कोणाला वाटत असेल, तर त्याने वनपर्व उघडून पाहावे.

परकायाप्रवेशाचा दुसरा प्रकार खेळात अगदी पहिल्या पुस्तकापासून आहे. १९७४ च्या संचात ‘मॅजिक जार’ नावाचा मंत्र होता: मांत्रिक आपला जीव एका निर्जीव वस्तूत ठेवतो आणि तिथून दुसऱ्याच्या देहात उडी घेतो. मागे उरलेले स्वतःचे शरीर सांभाळणे, ही त्याची मोठी चिंता. माधवाच्या नावावर असलेल्या शंकरदिग्विजयात शंकराचार्य मृत राजा अमरुकाच्या देहात शिरतात तेव्हा नेमकी हीच चिंता त्यांच्या शिष्यांना असते, आणि ते गुहेत गुरूंच्या देहावर पहारा देतात. पण त्या कथेत खेळाने न टिपलेला एक बारकावा आहे. राजा जिवंत झाल्याचा आनंद ओसरल्यावर मंत्र्यांना संशय येतो, कारण हा राजा पूर्वीपेक्षा फारच चांगला वागू लागला आहे. रूप तेच, सिंहासन तेच, वागणे सुधारलेले. म्हणून ते राज्यातली सगळी प्रेते जाळण्याचा हुकूम काढतात.

मराठी वाचकाला याहून जवळची एक गोष्ट आहे, आणि तिची आठवण फार कमी वेळा काढली जाते. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मोजतात त्या लीळाचरित्राच्या नायकाची सुरुवातच परकायाप्रवेशाने होते. महानुभाव परंपरेप्रमाणे द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह सोडला, आणि भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव मरण पावला होता, त्याच्या प्रेतात प्रवेश केला. स्मशानात नेलेला मुलगा उठून बसला. तो घरी आला, बायकोबरोबर संसार केला, द्यूतात रमला. एकदा मोठा डाव हरला, देणे चुकवायला बायकोने दागिने दिले नाहीत, आणि मन उडून तो रामटेकच्या वाटेने घराबाहेर पडला. तेच पुढे चक्रधरस्वामी. भडोचच्या घराने ज्याला मुलगा म्हणून जवळ घेतले तो कोण होता? हरपाळच्या पत्नीने कोणाला दागिने नाकारले? परंपरा या प्रश्नावर अडत नाही, तिच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. पण बाहेरच्या वाचकाला त्या पत्नीच्या जागी क्षणभर उभे राहावेसे वाटते, आणि तसे उभे राहिले की गोष्ट एकदम वेगळी दिसते.

इथवरची उदाहरणे ग्रंथांतली. गावातला व्यवहार यापेक्षा गुंतागुंतीचा आहे.

महाराष्ट्रातल्या अंगात येण्यावर जॉन स्टॅन्ली या अभ्यासकाने लिहिलेला निबंध १९८८ साली एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी संपादित केलेल्या ‘द एक्स्पिरियन्स ऑफ हिंदूइझम’ या ग्रंथात आला. लोक स्वतःच जो फरक करतात तोच त्याने गंभीरपणे घेतला: एक भूतबाधा, दुसरे अंगात येणे. बाधा नको असते, संचार हवा असतो. बाधेत भुताला हाकलायचे असते, संचारात देवाला बोलवायचे, बसवायचे, विचारायचे आणि सन्मानाने परत पाठवायचे असते. ज्याच्या अंगात देव येतो त्याला ‘झाड’ म्हणतात. झाड सोवळ्यात राहते, उपास करते, त्याच्या घराण्याला मान असतो, आणि वार ठरलेला असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावचे फरांडे बाबा पायी येतात, भंडाऱ्याच्या वर्षावात तलवार घेऊन हेडाम हा विधिनाच खेळतात आणि भाकणूक सांगतात: पाऊस, पीक, रोगराई, राज्यकारभार. ‘फरांडे बाबा’ हे एका माणसाचे नाव नाही, ते पद आहे. माणूस बदलतो, पद चालू राहते. कर्नाटकात हूविनहडगलीच्या मैलारला फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेत उपास केलेला गोरवय्या, म्हणजे मैलारदेवाचा उपासक, उंच धनुष्यावर चढतो आणि एकच वाक्य उच्चारतो. ते कारणिक. त्या वाक्याचा अर्थ काय, यावर पुढे महिनोन्महिने बोलले जाते. या दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्याचे स्वतःचे मत काय, हे कोणी विचारत नाही, आणि त्याचीही तशी अपेक्षा नसते.

हे सारे खेड्यापाड्यांतले, असे समजून पांढरपेशा वाचकाने सुटका करून घेऊ नये. आश्विन शुद्ध अष्टमीला चित्पावन घरांत महालक्ष्मी बसते, तांदळाच्या उकडीचा मुखवटा होतो आणि रात्री स्त्रिया घागरी फुंकतात. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात देवी येते, मग शिकल्या-सवरल्या बायका पुढे होऊन तिला प्रश्न विचारतात. संतांनी या प्रकारांवर टीका केली. बसवण्णांचे बसवकल्याण बिदर जिल्ह्यातच आहे, आणि त्यांनी क्षुद्र देवतांच्या गर्दीवर कठोर वचने लिहिली. तरी संतांच्याही भाषेत झपाटण्याची प्रतिमा सुटली नाही: विठ्ठलालाच पंढरीचे भूत म्हणणारा अभंग वारकरी आजही गातात, आणि एकनाथांच्या भारुडांत भूत आहे, जोगवाही आहे.

संचाराची ही बाजू खेळांच्या जगात बराच काळ नव्हतीच. तिथे अंगात शिरणे म्हणजे चोरी: शरीर पळवले गेले, परत मिळवा. बदल सावकाश आला. २००४ मध्ये कीथ बेकर याने उभ्या केलेल्या ‘एबेरॉन’ या विश्वात ‘कलाश्तार’ नावाचा वंश आहे. स्वप्नलोकातून पळून आलेल्या सदुसष्ट सत्त्वांना काही साधकांनी स्वखुशीने आपल्यात जागा दिली, आणि त्यांच्या वंशजांत ती सत्त्वे पिढ्यान्‌पिढ्या वाटली गेली. कलाश्तार जन्मतःच एकटा नसतो. त्याच विश्वात याच सत्त्वांचे दुष्ट भाईबंद माणसांचे देह बळकावून राज्य करतात. म्हणजे एकाच जगात बाधा आणि संचार दोन्ही आले, आणि फरक संमतीचा आणि कुळाचा ठरला. फरांडे बाबांच्या घराण्याची परंपरा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

या विषयावरचे सर्वांत खोल काम मात्र बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीच्या ‘ड्रॅगन एज’ या संगणकीय भूमिकाखेळांच्या मालिकेत झाले. २००९ च्या पहिल्या खेळातल्या जगात जादूगारांना कायम पिशाच्चांचा धोका असतो. मोह, क्रोध, गर्व यांची पिशाच्चे त्यांना आतून खातात आणि माणूस ओळखू न येण्याइतका विद्रूप होतो. म्हणून जादूगारांना मठासारख्या मनोऱ्यांत डांबून ठेवलेले आहे. २०१० च्या ‘अवेकनिंग’ या पुरवणीत ‘जस्टिस’, म्हणजे न्याय, नावाचे एक सत्त्व अपघाताने क्रिस्टॉफ नावाच्या मृत योद्ध्याच्या देहात अडकते. ते सज्जन आहे, त्याला देह नको आहे. पण त्या देहात राहता राहता क्रिस्टॉफच्या आठवणी त्याला जाणवू लागतात. क्रिस्टॉफची विधवा समोर येते, नवऱ्याचे शरीर चालताना पाहून हादरते, आणि न्यायाला पहिल्यांदा कळते की एखाद्याचा देह वापरणे हे त्या देहावर प्रेम करणाऱ्याच्या दृष्टीने काय असते. चक्रधरांच्या कथेत वाचकाला करावा लागणारा विचार या खेळाने पात्राच्या तोंडी दिला.

पुढे २०११ च्या ‘ड्रॅगन एज २’ मध्ये अँडर्स नावाचा वैद्य-जादूगार याच न्यायाला मैत्रीखातर आपल्या देहात घेतो. दोघांची संमती असते, हेतू चांगला असतो. पण अँडर्सच्या मनात जादूगारांवरच्या अन्यायाचा वर्षानुवर्षांचा संताप साठलेला असतो, आणि त्या संतापात न्यायाचे रूपांतर सूडात होते. शेवटी अँडर्स एक देवालय उडवून देतो. हे कोणी केले, अँडर्सने की त्याच्यातल्या सत्त्वाने? खेळ निकाल देत नाही, तो खेळणाऱ्यावर सोपवतो. झाड सोवळे हवे, मनात राग ठेवून देवापुढे बसू नये, असे गावातले जाणते सांगतात त्यामागेही हीच समज असावी: येणारा कोणीही असो, ज्याच्यात येतो त्याचा रंग त्याला चढतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमाला ही देवाणघेवाण दिसली नाही. ‘ड्रॅगन एज’ला दिसली, आणि म्हणून ते काम मोठे आहे.

या खेळांवरही एकदा भूत शिरल्याचा आरोप झाला होता. १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेक पालकांना आणि चर्चमधल्या मंडळींना वाटू लागले की मुले पात्रांत इतकी हरवतात की स्वतःला विसरतात, सैतानाच्या हाती जातात. १९८२ च्या ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ या चित्रपटात तरुण टॉम हँक्सने असाच एक भान हरपलेला खेळाडू उभा केला. मुलाच्या आत्महत्येनंतर पॅट्रिशिया पुलिंग या आईने १९८३ मध्ये या खेळांविरुद्ध संघटना काढली. तिच्या दुःखाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण खेळामुळे मुले असे करतात या दाव्याला पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाचे ‘शेअर्ड फँटसी’ हे पुस्तक आले. तो खेळाडूंबरोबर बसून खेळला होता. त्याला आढळले की टेबलावरचा माणूस एका वेळी तीन पातळ्यांवर असतो: घरचा माणूस, नियम जाणणारा खेळाडू, आणि पात्र. तो या पातळ्यांमध्ये वाक्यागणिक ये-जा करतो आणि इतरांना ती बरोबर कळते. कोण कधी बोलतो आहे, हे भोवतालचे ओळखतात म्हणूनच खेळ चालतो. घुमणाऱ्या बाईचे कोणते वाक्य देवीचे आणि कोणते तहान लागल्याचे, हे भोवतालच्या बायकांना असेच कळते.

आता त्या बाईकडे वळले पाहिजे. अंगात येणे हे अनेक समाजांत कोंडलेल्या माणसाचे, विशेषतः स्त्रीचे, बोलण्याचे साधन असते, असे आय. एम. ल्युइस यांनी १९७१ च्या ‘एक्स्टॅटिक रिलिजन’ मध्ये मांडले. सुनेने सासूला सांगितले तर उद्धटपणा, देवीने सांगितले तर आज्ञा. या म्हणण्यात तथ्य आहे, पण सारे काही त्यात मावत नाही. व्हिएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७ मध्ये जे लिहिले ते जास्त अस्वस्थ करणारे आहे. घरातला माणूस, बहुधा मुलगा किंवा नवरा, मनाने आजारी असतो. त्याला घेऊन आई किंवा बायको मंदिरात राहते, आणि घुमू लागते ती ही आई, ही बायको. त्याचे दुखणे ती आपल्या अंगावर घेते. चक्रधरांच्या पंथाच्या मंदिरात हे घडावे यात एक संगती आहे: तिथेही देह एकाचा आणि त्यात वाहिलेले दुसऱ्याचे.

वैद्यकशास्त्राने या अनुभवाला जागा दिली आहे, ती सावधपणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या सूचीत, जी २०२२ पासून लागू आहे, झपाटले जाण्याच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. नेहमीची ओळख सुटून बाहेरच्या शक्तीची ओळख तिच्या जागी येणे, हे त्याचे लक्षण. पण समाजाने मान्य केलेल्या धार्मिक आचाराचा भाग असलेला संचार हा विकार मानायचा नाही, असेही तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे पट्टणकोडोलीची भाकणूक आजारात मोडत नाही. घरी, अवेळी, इच्छेविरुद्ध पुन्हा पुन्हा येणारे, माणसाला खंगवणारे झपाटणे मात्र उपचाराचा विषय आहे. स्टॅन्लीच्या गावकऱ्यांनी केलेला भेद डॉक्टरांनी वेगळ्या वाटेने पुन्हा गाठला.

उपचाराच्या नावाखाली जे चालते त्याबद्दल मवाळ बोलून चालणार नाही. भूत हाकलायचे म्हणून साखळीने बांधणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे, चपलेचे पाणी पाजणे हे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत नोंदवावे लागले, कारण ते घडत होते. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. कर्नाटकाने असा कायदा २०१७ मध्ये केला. अंगात येणे हा यातला गुन्हा नाही. अंगात शक्ती आल्याचे भासवून दुसऱ्याला भीती घालणे, आणि भुताच्या नावाने माणसाला मारणे, हा गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीला आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, २८ जण जळून मेले. मार खाणारे शरीर भुताचे असते, असे मारणाऱ्याला वाटते. वळ मात्र त्या बाईच्या पाठीवर उठतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा नियम इथे एकाएकी फार माणुसकीचा वाटू लागतो: ताबा गेला तरी शुद्ध जात नाही, आत कोणीतरी पाहते आहे.

मराठी लोकप्रिय कलेने या विषयाचा उपयोग भीतीपेक्षा हसण्यासाठी जास्त केला. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’ मध्ये तात्या विंचूचा जीव मंत्राने बाहुलीत जातो आणि बाहेर पडायला त्याला नायक लक्ष्याचाच देह हवा असतो. ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटाची ही मराठी सावली, तरी रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुल्यांमुळे ती इथली झाली: जो माणूस रोज बाहुलीच्या तोंडून बोलतो, त्याच्यासमोर स्वतःहून बोलणारी बाहुली येते. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ (२००९) ने यल्लम्माच्या जोगत्याचे दुःख गंभीरपणे मांडले. देवीने धरले म्हणून तय्यप्पाची ओळख एका घटकेपुरती नाही, जन्मभरासाठी बदलली जाते, त्याला लुगडे नेसावे लागते, आणि तो आतून झुंजत राहतो. कन्नडमध्ये २०२२ च्या ‘कांतारा’ ने तुळुनाडच्या भूतकोलाला, म्हणजे दैवत अंगात येण्याच्या नृत्यविधीला, साऱ्या देशापुढे आणले. त्या चित्रपटाच्या आरंभीच जमिनीचा वारसदार विचारतो, हे बोलते आहे ते दैवत की नाचणारा? सगळे नाट्य त्या एका प्रश्नातून निघते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा देखणा खेळ काढला. भावाला असुरांपासून सोडवायला निघालेली मुलगी, तिला शस्त्र देणारी दुर्गा, आणि कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. देवी तिथे मुलीच्या बाहेर राहते. ज्या महाराष्ट्रात नवरात्रात देवी बाईच्या अंगात येते, तिथल्या कारागिरांनी देवीला निवेदकाच्या जागी उभे करावे याचे थोडे नवल वाटते, आणि पुढच्या एखाद्या खेळात ती आत येईल अशी आशाही वाटते.

ती आली तर नियम कसा लिहायचा, याचे साहित्य महाभारताच्या अनुशासनपर्वात पडलेले आहे. देवशर्मा ऋषी यज्ञाला जाताना बायको रुची हिला इंद्रापासून जपण्याचे काम शिष्य विपुलावर सोपवतात. इंद्र हवे ते रूप घेतो, तेव्हा पहारा बाहेरून करून उपयोग नाही. विपुल योगबळाने रुचीच्या देहातच शिरतो आणि अवयवांत अवयव मिळवून बसतो. इंद्र देखणे रूप घेऊन येतो. रुचीला उठून स्वागत करायचे आहे, उठता येत नाही. तिला बोलायचे आहे, तोंडातून वेगळेच शब्द येतात. इंद्र ओशाळून निघून जातो. गुरू परततात, विपुल घडलेले सारे सांगत नाही. पुढे वनात त्याला एक जोडपे गोल फिरताना दिसते, आणि मग सोन्या-चांदीच्या फाशांनी खेळणारे सहा जण. दोन्ही ठिकाणी त्यांच्या तोंडी एकच शपथ: खोटेपणा करील त्याला विपुलाची गती मिळो. देवशर्मा नंतर उलगडा करतात: ते जोडपे दिवस आणि रात्र, ते सहा जुगारी म्हणजे सहा ऋतू, आणि तू काय केलेस ते त्यांना ठाऊक आहे. विपुलाच्या मनाची टोचणी, गुरूची क्षमा, सारे काही सविस्तर येते. रुचीला आधी विचारल्याचा किंवा नंतर सांगितल्याचा उल्लेख त्या कथेत नाही.

या एका बाबतीत आजचे खेळाचे टेबल पुढे गेले आहे. खेळ सुरू करण्याआधी एक बैठक घेऊन, कोणाच्या पात्रावर काय ओढवलेले चालेल आणि काय नाही, हे ठरवण्याची पद्धत आता रुळली आहे. २०१३ च्या सुमारास जॉन स्टॅव्ह्रोपोलस याने सुचवलेले ‘एक्स कार्ड’ अनेक टेबलांवर असते: प्रसंग सहन होईनासा झाला की कोणीही त्या कार्डाला हात लावायचा, कारण न विचारता तो प्रसंग तिथेच सोडून दिला जातो. पात्राच्या अंगात भूत शिरले तर त्या पात्राच्या खेळाडूला कथा चालवणारा विचारतो: तू नुसते पाहत बसशील, की भुताची भूमिकाही तूच करशील? ज्याने स्वतः भुताची भूमिका केली तो खेळाडू काही काळ झाडाच्या जागी असतो. त्याचा आवाज, त्याची कल्पना, आणि बोलणे दुसऱ्याचे.

विपुलाच्या कथेवर कोणी असा खेळ रचला, बिदर-कलबुर्गीकडच्या एखाद्या तरुण मुलीने रचला तर फारच उत्तम, तर रुचीचे पात्र कोणी घ्यायचे, विपुल आत येऊ लागला की तिने होकार कसा द्यायचा किंवा नाकारायचे कसे, आणि इंद्र दाराशी उभा असताना फासा विपुलाने टाकायचा की रुचीने, हे तिला पहिल्याच पानावर लिहावे लागेल.